मोरचुदातलं तांबं: चार की सहा?

जळगाव-धुळ्याकडे लिंबू-मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावणाऱ्या घरात मोरचूद, म्हणजे पाच पाणी धरलेलं कॉपर सल्फेट, असतंच. कॉलेजात कॉम्प्लेक्सचा, म्हणजे धातूभोवती रेणू-आयन जोडलेल्या संयुगांचा, धडाही याच निळ्या खड्यावर येऊन थांबतो, कारण त्यातल्या तांब्याचा कोऑर्डिनेशन नंबर (त्याला थेट जोडलेल्या अणूंची संख्या) विचारला की उत्तरं दोन येतात.

धातूभोवती लिगंडसाठी (त्याला जोडल्या जाणाऱ्या रेणू-आयनांसाठी) ठरावीक जागा असतात, ही आल्फ्रेड वर्नरची मांडणी १८९३ ची. त्याआधी कोबाल्टला अमोनियाच्या साखळ्या लटकवल्या जात. १९१३ मध्ये या कामाला नोबेल मिळालं.

खरा तिढा १९३० च्या दशकातला. नोट्समध्ये आजही चार पाणी कंसात, एक बाहेर असं सूत्र, [Cu(H₂O)₄]SO₄·H₂O, लिहून नंबर चार सांगतात. पाचवं पाणी बाहेर आहे हे बरोबर. तांब्याशी त्याचा थेट बंध नाही, हायड्रोजन बंधांनी ते धरलेलं असतं. पण १९३४ च्या क्ष-किरण अभ्यासात दिसलं ते वेगळंच: चार पाणी चौकोनात, सुमारे १.९५ आंगस्ट्रॉमवर (एक आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), आणि वर-खाली सल्फेटचे दोन ऑक्सिजन, सुमारे २.४ वर. या दोघांना सूत्रात जागाच नाही.

चौकोन समजावायला संकरणाचा (कक्षकं मिसळून बंधांची दिशा ठरवण्याच्या कल्पनेचा) आधार घेतला, तर तांब्याचा एक डी-इलेक्ट्रॉन वरच्या ४पी कक्षकात ढकलावा लागतो. तो तिथे असता तर सहज सुटला असता आणि तांबं +३ झालं असतं. तसं होत नाही. स्फटिक-क्षेत्र सिद्धांत (लिगंडच्या विद्युतक्षेत्राने डी-कक्षकांच्या ऊर्जा वेगळ्या होतात असं सांगणारा) आणि १९३७ चं यान-टेलर प्रमेय यांनी हे सोडवलं: नऊ डी-इलेक्ट्रॉन असमान भरल्याने सहा लिगंडचा अष्टफलक ताणला जातो, दोन बंध लांबतात. म्हणून ‘चार अधिक दोन’ असंच शिकवायला हवं. नुसतं ‘चार’ सांगून मुलांपासून सगळ्यात सुंदर भाग लपवला जातो.

पुढे चिलेट (धातूला एकाच वेळी अनेक ठिकाणी धरणारे लिगंड) आले, आणि हाच हिशेब ठिबकच्या नळीतून शेतात पोचला. चुनखडीच्या जमिनीत हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकलं तर लोह लवकरच अविद्राव्य होतं, म्हणून ईडीटीए हा चिलेट वापरतात. तो सहा ठिकाणी धरतो, तरी पाण्यात लोहाला पाण्याचा एक रेणू आणखी चिकटतो आणि नंबर सात होतो. जमिनीचा सामू (पीएच) सातच्या वर गेला की ही पकड ढिली पडते. ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेटमध्ये नंबर सहाच, पण त्याचे दोन फिनॉल-ऑक्सिजन फेरिक लोहाला इतकं घट्ट बांधतात की सामू ९ असला तरी ते सुटत नाही.