चिप्स कमी, बक्षीस जवळ: मग फोल्डच का?

पोकर टूर्नामेंटमध्ये आणखी एकच जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, अशी वेळ आली की कमी चिप्सवाल्याने मुकाट फोल्ड करत (पत्ते टाकून डाव सोडत) राहावं, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, आणि त्यापायी चांगले खेळाडू नाहक मार खातात.

चौघं उरलेत, चिप्स सारख्या, बक्षिसं तिघांना 50, 30 आणि 20 टक्के. प्रत्येकाचा वाटा 25 टक्के. ऑल-इन (सगळ्या चिप्स पणाला लावणं) जिंकून चिप्स दुप्पट केल्या, तरी आयसीएमच्या (चिप्सवरून बक्षिसातला अपेक्षित वाटा काढायची पद्धत) हिशेबाने वाटा जेमतेम 38 टक्के होतो. म्हणजे दुसऱ्याचा ऑल-इन कॉल करायला (तेवढ्याच चिप्स लावून स्वीकारायला) जिंकण्याची शक्यता 25 भागिले 38, म्हणजे सुमारे 65 टक्के हवी. कॉल करताना जपून राहणं योग्यच!

पण हाच हिशेब समोरच्यालाही लागू असतो. तुम्ही आधी ऑल-इन गेलात तर घाबरायची पाळी त्याची. ब्लाइंड्स (दर डावात पाळीपाळीने दोघांनी आधीच भरायच्या सक्तीच्या चिप्स; मोठा तो बिग ब्लाइंड) 1000-2000, अँटी (सगळ्यांच्या वतीने बिग ब्लाइंडवाल्याने भरायची जादा रक्कम) 2000, तुमच्याकडे 20,000: सगळ्यांनी फोल्ड केलं तर 5000 हातात, स्टॅक (तुमच्या एकूण चिप्स) पाव पटीने वाढला. वाट बघत बसलात तर एका फेरीत तेवढेच जातात, आणि चारपाच बिग ब्लाइंड उरल्यावर तुमच्या ऑल-इनला फारसं कुणी भीत नाही.

अपवाद एकच महत्त्वाचा: एखाद्याकडे जेमतेम एक बिग ब्लाइंड उरलाय आणि ब्लाइंड तुमच्याआधी त्याच्यावर येणार आहे, तेव्हा बहुतेक पत्ते बिनदिक्कत टाकावेत.