‘होता’ दिसला म्हणून ‘वॉज’ लिहू नका : इंग्रजीतल्या चालू भूतकाळाविषयी

आमच्याकडे इंग्रजी मजकूर तपासायला देणाऱ्या प्रत्येकाला तपासलेल्या कागदांसोबत हे पत्रक देतो. अर्ज असो, तक्रार असो की विम्यासाठी लिहिलेली अपघाताची हकिकत, ‘वॉज’ आणि ‘हॅड’भोवती आम्हाला पुन्हा पुन्हा खुणा कराव्या लागतात. त्या का केल्या हे तुम्हाला कळलं, तर पुढच्या वेळी त्या कमी कराव्या लागतील.

रचना सोपी आहे. आय, ही, शी, इट यांच्यापुढे ‘वॉज’. वी, यू, दे यांच्यापुढे ‘वर’. आणि मग क्रियापदाला ‘आयएनजी’. समोर एकच माणूस असला तरी ‘यू’पुढे ‘वर’च येतं, ‘यू वॉज’ नाही. ‘वर’चा उच्चार बरेच जण ‘वेअर’ असा करतात. तो ‘कुठे’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार आहे, म्हणून आम्ही इथे मुद्दाम ‘वर’ लिहिलं आहे. स्पेलिंगमध्ये ‘रन’चा एन दुप्पट होतो, ‘राइट’चा शेवटचा ई गळतो आणि ‘लाय’ किंवा ‘डाय’मधला आय-ई जाऊन तिथे वाय येतो. एवढं पाठ केलं की झालं.

खरी अडचण मराठीतून येते. ‘मी वाचत होतो’ आणि ‘आय वॉज रीडिंग’ ही वाक्यं इतकी जुळतात, की ‘होतो’ म्हणजे ‘वॉज’ असं आपण धरून चालतो. हा हिशेब काही वेळा बरोबर येतो, काही वेळा साफ चुकतो. म्हणून ‘होता’कडे न पाहता एकच प्रश्न विचारा : मी ज्या क्षणाबद्दल सांगतो आहे, त्या क्षणी ती क्रिया चालू होती का?

अपघाताच्या हकिकतीचंच उदाहरण घेऊ. ‘आय क्रॉस्ड द रोड अँड अ कार हिट मी’ असं लिहिलं, तर रस्ता ओलांडून झाला आणि मग गाडीने धडक दिली, असा अर्थ निघतो. वाचणारा तुम्हाला पलीकडच्या कडेला उभं असलेलं पाहतो. ‘आय वॉज क्रॉसिंग द रोड व्हेन अ कार हिट मी’ म्हटलं, की तुम्ही रस्त्याच्या मध्ये असता. चालू असलेली लांब क्रिया ‘वॉज’ने सांगायची आणि तिच्या मध्येच घडलेली घटना साध्या भूतकाळात. ‘पाऊस पडत होता’, ‘चालक फोनवर बोलत होता’ ही आजूबाजूची परिस्थितीही याच काळात येते : ‘इट वॉज रेनिंग’, ‘द ड्रायव्हर वॉज टॉकिंग ऑन द फोन’.

‘व्हेन’ असलं की चालू भूतकाळ हवाच, असंही नाही. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, दे वर ईटिंग’ म्हणजे मी पोचलो तेव्हा जेवण चालू होतं. ‘व्हेन आय अराइव्ह्ड, दे एट’ म्हणजे मी पोचल्यावर ते जेवले. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, फक्त हकिकती वेगळ्या आहेत.

आता सर्वांत फसवी जागा. मराठीत आपण ‘तो बाकावर बसला होता’, ‘त्याने हेल्मेट घातलं होतं’, ‘कागद टेबलावर पडले होते’ असं म्हणतो. हा आपला पूर्ण भूतकाळ. त्यावरून ‘ही हॅड सॅट’, ‘ही हॅड वोर्न अ हेल्मेट’ लिहिलं जातं. पण ‘हॅड’ आलं की ही गोष्ट सांगितलेल्या घटनेच्या आधीची ठरते. त्यामुळे आधी कधीतरी हेल्मेट घातलं होतं, धडकेच्या वेळचं माहीत नाही, असाही अर्थ लावायला जागा राहते. विम्याच्या कागदावर ही शंका कशाला ठेवायची? बसण्याची, उभं असण्याची, पडलेलं असण्याची, अंगावर काही असण्याची स्थिती त्या क्षणी टिकून असेल, तर इंग्रजीला चालू भूतकाळ लागतो : ‘ही वॉज सिटिंग’, ‘ही वॉज वेअरिंग अ हेल्मेट’, ‘द पेपर्स वर लाइंग ऑन द टेबल’. ‘तो झोपला होता’ याचंही ‘ही वॉज स्लीपिंग’ होतं. या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

उलट काही ठिकाणी मराठीत ‘होतं’ असूनही इंग्रजीत ‘आयएनजी’ चालत नाही. ‘मला माहीत होतं’ म्हणजे ‘आय न्यू’; ‘आय वॉज नोइंग’ असं कोणी म्हणत नाही. ‘मला हवं होतं’ म्हणजे ‘आय वॉन्टेड’. ‘माझ्याकडे सायकल होती’ म्हणजे ‘आय हॅड अ सायकल’. माहिती, मालकी, विश्वास, आवड, गरज या मनाच्या किंवा असण्याच्या गोष्टी इंग्रजी भाषा सहसा ‘चालू क्रिया’ मानत नाही. ‘मला वाटत होतं, गाडी थांबेल’ हे ‘आय थॉट द कार वुड स्टॉप’ असं लिहा. ‘आय वॉज थिंकिंग’ म्हटलं की डोक्यात विचार चालू होते असा अर्थ होतो, आणि अपघाताच्या हकिकतीत तो तुमच्यावरच उलटू शकतो.

सवयीचंही तसंच आहे. ‘मी रोज याच रस्त्याने जात होतो’ यात त्या क्षणाची क्रिया नाही, रोजची रीत आहे. बोलताना आपण ‘जायचो’ही म्हणतो. इथे ‘आय यूज्ड टु टेक धिस रोड एव्हरी डे’ योग्य.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट : पत्रात नम्रपणे विचारायचं असेल, तर ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प’ लिहिता येतं. काळ भूतकाळाचा असला तरी विनंती आत्ताचीच असते. विनंतीतली सक्ती तेवढी कमी होते. मित्राला हे फार औपचारिक वाटेल, अनोळखी अधिकाऱ्याला लिहिताना शोभून दिसतं.

पुढच्या वेळी मजकूर देताना मूळ मराठी मसुदाही जोडा, तो हाताने लिहिलेला, खाडाखोड केलेला असला तरी चालेल. ‘ही हॅड सॅट’ एवढंच समोर आलं, तर तुम्हाला ‘बसलेला होता’ म्हणायचं आहे की ‘आधी बसून गेला होता’, हे आम्ही इंग्रजीवरून ठरवू शकत नाही. मराठी वाक्य समोर असलं, की तुमच्या मनातला क्षण कोणता ते कळतं.