पुलावरून प्लॅस्टिक मोजताना

नदीतलं तरंगतं प्लॅस्टिक मोजायची सर्वांत साधी रीत पुलावरची. कठड्यावर खडूने 15-15 मीटरच्या खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेखालून 2 मिनिटांत गेलेले 2.5 सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे मोजायचे. 6 मिळाले, तर त्या पट्ट्यातून तासाला 180. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदीचा आकडा. भरतीचं पाणी शिरणाऱ्या नदीत प्लॅस्टिक उलटंही जातं, ते वजा करायचं. व्हिएतनामच्या सायगॉन नदीवर हे करावं लागतं. मुंबईच्या मिठीवर मोजायचं तर भरती-ओहोटीचं कोष्टक जवळ हवंच.

माणूस तासाभरात कंटाळतो आणि मुसळधार पावसात पुलावर थांबत नाही. पहिल्या पुरात काठावरचा साठलेला कचरा एकदम सुटतो, नेमका तेव्हा. म्हणून कॅमेरा.

कॅमेऱ्याची पहिली फसगत पिक्सेलची. 4000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत 20 मीटर नदी मावली, तर एक पिक्सेल म्हणजे 5 मिलिमीटर. 3 सेंटिमीटरचं बाटलीचं झाकण 6 पिक्सेलचं दिसेल, म्हणजे जेमतेम ओळखू येईल. पण ओळख पटवणारी बरीच मॉडेल्स, म्हणजे फोटोतल्या वस्तू ओळखायला शिकवलेले संगणकाचे प्रोग्राम, फोटो आधी 640 पिक्सेल रुंदीवर आणतात. मग झाकण एका पिक्सेलचं उरतं, म्हणजे गेलंच. उपाय सोपा: फोटोचे 640 पिक्सेलचे चौकोन पाडून एकेक मॉडेलला द्यायचे. कडांवर चौकोन थोडे एकमेकांवर चढवायचे, नाहीतर कडेवरची पिशवी अर्धी कापली जाते.

दुसरी फसगत दुबार मोजणीची. फोटोत प्रवाहाच्या दिशेने 3 मीटर पाणी दिसतं, प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर आणि फोटो दर 2 सेकंदांनी, तर तीच बाटली साधारण 3 फोटोंत येते. म्हणून चित्रावर एक रेघ मारून ती ओलांडणारी वस्तूच धरायची.

मॉडेलला शिकवायला हजारो फोटोंत प्लॅस्टिकच्या प्रत्येक तुकड्याभोवती चौकट आखावी लागते. हे काम स्वयंसेवकांचं, आणि खरा कस इथेच लागतो. एक फोटो तिघांना द्यायचा. नियम आधी ठरवायचा: पिशवी अर्धी बुडालेली असेल, तर दिसतो तेवढाच भाग चौकटीत. फक्त फेसाचे, उन्हाच्या तिरिपीचे, झेंडूच्या माळांचे फोटोही मुद्दाम घालायचे, चौकटीविना. ते नसले की मॉडेल फेसाला थर्माकोल म्हणतं.

जकार्तातल्या नद्यांवर पुलांवरच्या कॅमेऱ्यांनी असा प्रयोग झाला. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मॉडेलने प्लॅस्टिक म्हटलेल्या 100 वस्तूंपैकी सुमारे 69 खरंच प्लॅस्टिक होत्या. ओळखीच्या जागेवर हे प्रमाण जमतं, नव्या पुलावर घसरतं. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या फोटोंवर शिकवून त्यांतल्याच काहींवर परीक्षा घेतली, तर गुण फुगतात. पेपर आधीच फुटलेला असतो. परीक्षा दुसऱ्या पुलावर घ्यावी.

जलपर्णीचा प्रश्न मात्र अजून नीट सुटलेला नाही. सायगॉनमध्ये तरंगतं प्लॅस्टिक बहुतांशी जलपर्णीच्या गठ्ठ्यांत अडकून वाहताना आढळलं. पुण्याच्या मुळा-मुठेतही दरवर्षी हिरवा गालिचा पसरतो, आणि त्याखालचं ना माणसाला दिसत ना कॅमेऱ्याला. गठ्ठा बाहेर ओढून, वस्तू वेगळ्या करून, धुऊन, वाळवून वजन करायचं, एवढाच मार्ग. वाळवल्याशिवाय नको: गाळासकटची पिशवी स्वतःच्या कितीतरी पट भरते.

आणि पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते ते पीईटी पाण्यापेक्षा जड असतं. बूच लावलेली बाटली आतल्या हवेवर तरंगते आणि मोजली जाते. बूच नसलेली पाणी भरून तळाशी जाते, पुलावरून फक्त तिचं बूच वाहताना दिसतं.