व्हर्च्युअल मशीनमधील स्क्रीन रेकॉर्डिंग

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकावर सॉफ्टवेअरच्या आधारे चालवलेला दुसरा संगणक. त्याच्या पडद्यावर दिसणारे दृश्य चित्र किंवा व्हिडिओच्या रूपात टिपणे, आणि त्यासाठी रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बसवून त्याची सेटिंग्ज लावणे, हा या नोंदीचा विषय. खऱ्या संगणकाला होस्ट म्हणतात, त्यात चालणाऱ्या संगणकाला गेस्ट, आणि दोघांमध्ये राहून गेस्टला प्रोसेसर, मेमरी व पडदा पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, हायपर-व्ही आणि लिनक्समधला केव्हीएम हे नेहमी भेटणारे हायपरवायझर.

ठाणे आणि नवी मुंबईत हे काम रोजचे आहे. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेस्टिंग करणारी मंडळी बग नोंदवताना गेस्टमधला व्हिडिओ सोबत जोडतात. नेरूळ, वाशी, ऐरोलीच्या कॉलेजांत लिनक्स किंवा नेटवर्किंगचे प्रॅक्टिकल व्हर्च्युअल मशीनवर होते आणि जर्नलमध्ये प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट लावावा लागतो. रबाळे-महापे भागातल्या डेटा सेंटरमध्ये तर सर्व्हरला मॉनिटरच नसतो, त्यामुळे गेस्टचा पडदा बघायचा किंवा टिपायचा तो हायपरवायझरमार्फतच.

सेटिंग्जना हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते : दृश्य गेस्टच्या आतून टिपायचे की होस्टवरून. बहुतेक अडचणी हा निर्णय न घेतल्यामुळे येतात. गेस्टमध्ये बसवलेल्या सॉफ्टवेअरला गेस्टचा डेस्कटॉप दिसतो, बाकी काही नाही. मशीन सुरू होतानाचा बायोसचा पडदा, ऑपरेटिंग सिस्टिमचे इन्स्टॉलेशन, निळ्या पडद्यावर येऊन थांबलेली विंडोज यांतले काहीही त्याच्या हाती लागत नाही, कारण त्या क्षणी ते सॉफ्टवेअर चालूच नसते. हे सगळे होस्टवरून टिपता येते. मात्र होस्टवर वेगळे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लावून टिपताना खिडकीची चौकट, टास्कबार आणि मध्येच उगवलेला व्हॉट्सअ‍ॅपचा निरोपही व्हिडिओत येतो. इन्स्टॉलेशन दाखवायचे असेल तर होस्ट आणि एखादे अ‍ॅप वापरून दाखवायचे असेल तर गेस्ट, हा हिशेब सहसा चुकत नाही.

होस्टच्या बाजूने सर्वांत सोपा मार्ग हायपरवायझरमध्येच तयार असतो. २००७ साली बाजारात आलेल्या आणि आता ओरॅकलकडे असलेल्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये २०१३च्या ४.३ आवृत्तीपासून रेकॉर्डिंगची सोय आहे. मशीनच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखालच्या रेकॉर्डिंग या भागात ती चालू करायची, की वेबएम प्रकारची फाइल तयार होते. एकच चित्र हवे असेल तर उजवा कंट्रोल आणि ई ही जोडी पुरते. केव्हीएमवर एकच चित्र घेण्याचे काम व्हर्श या कमांडने चालणाऱ्या साधनाच्या स्क्रीनशॉट या आदेशाने होते, तेही गेस्टमध्ये काहीही न बसवता. अडकून बसलेल्या सर्व्हर-गेस्टच्या पडद्यावर नेमके काय लिहिले आहे हे दूर बसून बघायला याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

आतून टिपायचे तर आधी गेस्टला पडदा नीट मिळायला हवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमवेअर टूल्स ही गेस्टसाठीची पूरक सॉफ्टवेअर बसवल्याशिवाय गेस्टला साधा, जुन्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर मिळतो. रिझोल्यूशन मनासारखे ठेवता येत नाही आणि रेकॉर्डिंग अडखळते. व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत वाढवावी आणि थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन चालू करावे. ओबीएस स्टुडिओ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम विंडोजवर डायरेक्टथ्रीडी आणि लिनक्सवर ओपनजीएल वापरून चित्र रचतो. गेस्टला तेवढे ग्राफिक्स मिळाले नाही तर तो उघडत नाही किंवा उघडून रखडतो. तेवढ्यासाठी ओबीएसशी झगडण्यापेक्षा एफएफएमपेग हे कमांडने चालणारे साधन घ्यावे : विंडोजमध्ये त्याचा जीडीआयग्रॅब आणि लिनक्सच्या एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था) डेस्कटॉपवर एक्स११ग्रॅब हे पडदा टिपणारे भाग ग्राफिक्स कार्डाची अपेक्षाच ठेवत नाहीत. त्याच कामाची नवी व्यवस्था, म्हणजे वेलँड, असलेल्या लिनक्सवर मात्र एक्स११ग्रॅब पडद्यावरचे खरे दृश्य देत नाही, बहुधा काळी चौकट देतो; कारण वेलँड एका प्रोग्रामला दुसऱ्याची खिडकी परस्पर वाचू देत नाही. तिथे पडद्याचे चित्र पोचवणाऱ्या पाइपवायर या सेवेमार्फत, परवानगी मागून, टिपणारे सॉफ्टवेअरच चालते, आणि ओबीएसला ते जमते.

रेकॉर्डिंग अडखळले की प्रोसेसरला दोष दिला जातो, पण आधी आकडा मांडून बघावा. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका फ्रेमला ८२,९४,४०० बाइट लागतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळजवळ २५ कोटी बाइट, आणि ते सगळे दाबून लहान करण्याचे काम गेस्टला दिलेल्या दोन-चार कोअरवर. होस्टमध्ये चांगले ग्राफिक्स कार्ड असले तरी ते गेस्टला थेट जोडून दिलेले नसेल तर त्याचा हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग, आत मिळत नाही. सगळे एक्स२६४सारख्या सॉफ्टवेअर एन्कोडरवर येते. त्याऐवजी गेस्टचा पडदा १२८० बाय ७२० ठेवून सेकंदाला १५ फ्रेम घेतल्या तर हाच भार साडेपाच कोटी बाइटवर येतो. टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून दाखवायला एवढे भरपूर होते, आणि अक्षरेही मोठी दिसतात. कॉलेजच्या लॅबमधल्या ८ जीबी रॅमच्या संगणकावर गेस्टला ४ जीबी आणि दोन कोअर देऊन हे बऱ्यापैकी सुरळीत चालते. सगळीच सेटिंग्ज वरच्या टोकाला नेण्याचा मोह मात्र टाळावा.

फाइल कुठे साठवायची हा प्रश्न दिसतो किरकोळ, पण नुकसान सर्वांत जास्त इथेच होते. प्रॅक्टिकल किंवा टेस्ट झाली की मशीन आधीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेवर, परत नेण्याची पद्धत आहे, म्हणजे पुढच्याला कोरे मशीन मिळते. रेकॉर्डिंग गेस्टच्या डिस्कवर असेल तर स्नॅपशॉटवर परतताना तेही पुसले जाते आणि मग परत मिळत नाही. दुसरे असे की गरजेप्रमाणे वाढणारी व्हर्च्युअल डिस्क आतली फाइल काढून टाकली तरी आपोआप लहान होत नाही; चार मोठे व्हिडिओ करून पुसले तरी होस्टवरची जागा अडकूनच राहते. म्हणून होस्टवरचा एक फोल्डर गेस्टला शेअर्ड फोल्डर म्हणून जोडावा आणि रेकॉर्डिंग थेट तिथे पाठवावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या लिनक्स गेस्टमध्ये त्यासाठी वापरकर्त्याला व्हीबॉक्सएसएफ या ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगइन करावे लागते. हे राहिले की परवानगी नसल्याचा संदेश येतो आणि लोक फोल्डरच चुकला असे समजतात. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. मशीन मध्येच गोठले तरी तोवरचा एमकेव्ही व्हिडिओ उघडतो, साध्या एमपी४चे तसे नाही. त्याचा शेवट लिहिला गेला नाही तर सहसा पूर्ण फाइल वाया जाते. एमपी४ हवेच असेल तर नंतर ओबीएसमधून काही सेकंदांत रूपांतर होते.

मराठीतून काम दाखवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. होस्टवरून गेस्टकडे अक्षर जात नाही, दाबलेल्या बटणाचा कोड जातो. त्या बटणाचे अक्षर कोणते हे गेस्टच ठरवतो. त्यामुळे होस्टवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असला तरी गेस्टमध्ये इंग्रजीच उमटते, आणि दोन्हीकडे मराठी लावून ठेवले तर भाषा बदलायचे शॉर्टकट एकमेकांत अडकतात. मराठी कीबोर्ड गेस्टमध्ये लावावा, होस्ट इंग्रजीवर ठेवावा. दुसरी गोष्ट फॉन्टची. किमान इन्स्टॉलेशन केलेल्या लिनक्समध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, आणि मग ‘ठाणे महानगरपालिका’ या शब्दांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग रेकॉर्ड होते. लोहित किंवा नोटो देवनागरी बसवून, जोडाक्षरे नीट दिसतात का ते एकदा पाहून मगच रेकॉर्डिंगला सुरुवात करावी. विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला फॉन्ट असतो, तिथे ही अडचण येत नाही.

प्रिंट स्क्रीनचे बटण अनेकदा होस्टच आधी पकडतो. गेस्टमध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस ही जोडी वापरायची तर कीबोर्डचा ताबा गेस्टकडे आहे ना ते पाहावे. माउसचा बाण कित्येकदा होस्टच काढत असतो, त्यामुळे व्हिडिओत तो दिसत नाही किंवा दोनदा दिसतो. तसे झाले तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनच्या इनपुट मेनूमधले माउस इंटिग्रेशन बंद करावे. आवाज गेस्टमधून घेऊ नये. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मायक्रोफोनचा आवाज आत घेण्याचा पर्याय मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी भार वाढला की आवाज तुटतो. निवेदन होस्टवर वेगळे रेकॉर्ड करून नंतर जोडलेले चांगले.

रिमोट डेस्कटॉपने गेस्टमध्ये शिरून तिथे रेकॉर्डिंग लावणाऱ्यांना एक वेगळाच अनुभव येतो : खिडकी मिनिमाइझ केली किंवा जोडणी तुटली की विंडोज डेस्कटॉपचे चित्र काढणेच थांबवते आणि व्हिडिओत काळोख किंवा एकच गोठलेली फ्रेम राहते. रात्रभर चालणाऱ्या टेस्टसाठी हायपरवायझरच्या कन्सोलमध्ये लॉगइन करून ठेवावे. पडदाच नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर एक्सव्हीएफबी हा मेमरीत राहणारा कल्पित पडदा तयार करून त्यावरून एफएफएमपेगने टिपतात.

कंपनीच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर यांतले बरेच मार्ग मुद्दाम बंद केलेले असतात. बँकेचे किंवा विमा कंपनीचे काम पाहणाऱ्या कार्यालयांत ग्राहकाचा आधार क्रमांक पडद्यावर असताना घेतलेला एक स्क्रीनशॉटही वैयक्तिक माहितीची प्रत ठरतो, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ अशाच माहितीसाठी केलेला आहे. अशा ठिकाणी बनावट नोंदी भरलेला वेगळा गेस्ट तयार करून त्यातच रेकॉर्डिंग करतात.