‘लोकल’ म्हणजे नेमका कुठला? पेनरिथच्या संघनिवडीच्या वादामागचा इतिहास

मे 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत सिडनीचा पेनरिथ क्लब गुणतक्त्यात तळाला गेला आणि जुना वाद पुन्हा उकरून निघाला. सलग चार प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपदं, जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाने पोरं घडवली, की घडलेली पोरं त्याच्या पदरात पडली? आता ती पोरं संपल्यावर त्याची निवड उघडी पडली, असं एक बाजू म्हणत होती. दुसरी बाजू म्हणत होती, दरवर्षी अर्धा संघ बाजारात गेल्यावर कोण काय करणार?

संघ 1967 मध्ये स्पर्धेत आला. 1991 आणि 2003 ची विजेतेपदं सोडली, तर पुढची कितीतरी वर्षं ‘पोरं पुष्कळ, कप नाही’ याच तक्रारीत गेली. सिडनीच्या पश्चिम टोकाला, ब्लू माउंटन्सच्या पायथ्याशी, ज्युनियर खेळाडूंचा एवढा मोठा साठा असलेला दुसरा क्लब शोधूनही सापडणार नाही. पण तो साठा पूर्वेकडचे श्रीमंत क्लब उचलत. ब्लॅकटाउन-पॅरामॅटाकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही शाळेत पहिल्यांदा भेटणारा खेळ बहुधा हाच असतो, म्हणून ही तक्रार आपल्याकडच्या काहींच्या कानावरूनही गेलेली असेल.

खरी गोष्ट 2011 नंतरची. क्लबच्या नव्या व्यवस्थापकाने विकत घेतलेल्या ताऱ्यांऐवजी आपलीच नर्सरी धरायची ठरवली आणि 2016 मध्ये अकादमीची नवी इमारत उभी राहिली. 20 वर्षांखालच्यांची राष्ट्रीय स्पर्धा पेनरिथने 2013 आणि 2015 मध्ये जिंकली होती. ती स्पर्धा 2017 नंतर बंद झाली. खर्च, प्रवास आणि पोरांवरचा ताण ही कारणं होतीच. शिवाय तिथे गुणांचा पाऊस पाडणारा पोरगा मोठ्यांच्या सामन्यात पहिल्या टॅकललाच हबकायचा. त्यानंतर रिझर्व्ह ग्रेडला, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाला, पुन्हा मान आला, आणि पेनरिथमध्ये खालपासून वरपर्यंत सगळ्या संघांना एकाच पद्धतीने खेळवायची सवय मुरली.

आता त्या शब्दाकडे येऊ, कारण निम्मं भांडण त्याच्याच पोटात आहे. ‘लोकल ज्युनियर’, म्हणजे ढोबळमानाने क्लबच्या परिसरातच घडलेला खेळाडू. प्रत्येक विजयानंतर समालोचक संघातल्या लोकल ज्युनियरांची संख्या सांगतात आणि प्रत्येकाची संख्या वेगळी निघते. पेनरिथजवळच्या माउंट ड्रुइटच्या गल्लीत वाढलेला फाइव्ह-एट्थ आणि विंगर (ही आणि पुढची सेंटर, प्रॉप, हाफबॅक वगैरे मैदानावरच्या जागांची नावं) यांच्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. तिथेच वाढलेला सेंटर जन्मला सामोआत, तरी तोही लोकल. कर्णधार डबोचा. डबो सिडनीपासून सुमारे चारशे किलोमीटर आत. तरी तो ‘आपला’, कारण पर्वतापलीकडचा पश्चिम भाग क्लब आपलंच अंगण मानतो आणि 2014 पासून जवळजवळ दरवर्षी एक सामना तिकडच्या बाथर्स्टला नेतो. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडून किशोरवयात आलेल्या प्रॉपलाही बरेच जण यात धरतात. फिजीहून टाउन्सव्हिलमार्गे आलेल्या दुसऱ्या फॉरवर्डला मात्र धरत नाहीत. का? तो आधी दुसऱ्या क्लबच्या 20 वर्षांखालच्या संघात खेळला म्हणून. म्हणजे हा शब्द जन्मगाव सांगत नाही आणि शाळाही सांगत नाही, पहिली पावती कुणी फाडली एवढंच सांगतो.

आणि हाफबॅक? जन्म सिडनीचा, बालपण ऑकलंडचं, कारण बाप, म्हणजे पुढे चार प्रीमियरशिप जिंकून देणारा तोच प्रशिक्षक, तेव्हा तिथल्या संघाकडे होता. बाप पेनरिथला आला म्हणून पोरगाही पेनरिथचा. 2014 मध्ये बापाने संघ अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत नेला. 2015 मध्ये संघ घसरला आणि ‘तो थकलेला वाटतो’ असं जाहीरपणे सांगून व्यवस्थापकाने त्याला घरी पाठवलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, पोराला फर्स्ट ग्रेडमध्ये, म्हणजे मुख्य संघात, उतरवलं ते बापाच्या जागी आलेल्या अँथनी ग्रिफिनने. हे नाव श्रेयाच्या यादीत क्वचितच येतं, हा मला उघड अन्याय वाटतो. त्या माणसाने संघाला सलग दोन वर्षं प्लेऑफमध्ये नेलं आणि तिसऱ्या वर्षी, ऑगस्ट 2018 मध्ये, प्लेऑफ महिनाभरावर असताना त्याचीही उचलबांगडी झाली. मग वेस्ट्स टायगर्स या दुसऱ्या क्लबशी करार शिल्लक असताना बाप परत आला. 2019 मध्ये संघ दहावा. ‘बाप प्रशिक्षक, पोरगा हाफबॅक’ ही कुजबुज तेव्हा जोरात होती. 2020 मध्ये सलग 17 सामने जिंकल्यावर ती थांबली.

2021 ते 2024 ही सलग चार प्रीमियरशिपची वर्षं सर्वांना पाठ आहेत. त्यातलं 2022 विशेष. फर्स्ट ग्रेड, रिझर्व्ह ग्रेड आणि त्याखालच्या दोन्ही वयोगटांचे चषक एकाच वर्षी पेनरिथला आले. पण कारखाना चालतो म्हणजे माल घरात राहतो असं नाही. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, 2018 मध्ये तीस खेळाडूंसाठी 94 लाख डॉलर होती, 2023 मध्ये 1 कोटी 21 लाख झाली. ती सगळ्या क्लबांना सारखीच. स्वतः घडवलेल्या खेळाडूसाठी सूट आहे, पण ती चहापाण्यापुरती. विजेत्या संघातल्या खेळाडूचा भाव वाढतो, आणि तो वाढवणाऱ्यालाच परवडत नाही. हुकर आणि फाइव्ह-एट्थ वेस्ट्स टायगर्सकडे गेले, प्रॉप ऑकलंडला, आणखी तिघे सिडनीतल्याच कँटरबरी क्लबला. 2015 मध्ये बापाला घरी पाठवणारा व्यवस्थापकही कँटरबरीत पोहोचला आणि पेनरिथचा सहप्रशिक्षक तिथे मुख्य झाला. तेव्हा ‘अमक्याला का वगळलं’ हा प्रश्न पुष्कळदा चुकीच्या दारावर टाकलेली थाप असते. वगळलेला नसतो, विकत घेतला गेलेला असतो. त्याच्या जागी येणारा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा मे महिन्यात कच्चा दिसतो आणि ऑगस्टमध्ये पक्का.

2025 मध्ये तेच झालं. तळाचा संघ सलग नऊ सामने जिंकून सातवा आला. प्लेऑफमध्ये त्याने कँटरबरीला 46-26 हरवलं, मग ब्रिस्बेनकडून 16-14 असा निसटता हरला, आणि त्या ब्रिस्बेननेच प्रीमियरशिप नेली. कँटरबरीचा त्या हंगामातला कर्णधार म्हणजे माउंट ड्रुइटमध्ये वाढलेला तोच सेंटर, आणि त्यांचा फाइव्ह-एट्थ डबोचा. पेनरिथचा हाफबॅक ऑकलंडमध्ये वाढलेला. त्या संध्याकाळीही समालोचकाने लोकल ज्युनियर मोजले असतील, तर कुणाच्या खात्यात कोण मांडला असेल ते तोच जाणे.