कॉलेजसाठी लॅपटॉप घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बारावीचा निकाल लागला की दुकानात चौकशा सुरू होतात, आणि सीईटीच्या कॅप राउंडची यादी लागली की उभं राहायला जागा उरत नाही. त्या गडबडीत प्रत्येकाशी निवांत बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. घरी वाचा, मुलाशी-मुलीशी बोला, मग या. लॅपटॉप दुसरीकडून घेतलात तरी आमची तक्रार नाही. दुरुस्तीला बरेच जण शेवटी आमच्याकडेच येतात, तेव्हा मुळात चांगला घेतलेला दोघांच्याही सोयीचा.

पत्रकात किमती मुद्दामच छापलेल्या नाहीत. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे (चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीचे) भाव असे चढले आहेत की आज छापलेला आकडा महिन्याभरात खोटा ठरायचा.

आधी प्रवेश पक्का होऊ द्या

शाखा ठरायच्या आत लॅपटॉप घेऊ नका. पहिल्या राउंडला सिव्हिल मिळालेला मुलगा तिसऱ्या राउंडला कॉम्प्युटरला जातो, आणि दोघांची गरज वेगळी असते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन, थोडं ड्रॉइंग आणि सी किंवा पायथॉनचं प्रोग्रॅमिंग असतं. एवढं काम कोणताही बरा लॅपटॉप निमूट करतो. कॉलेज सुरू होऊन आठवडाभर गेला की वरच्या वर्गातली मुलं आणि लॅबमधले सर कोणतं सॉफ्टवेअर लागतं ते नेमकं सांगतात. तोवर थांबलात तर काही बिघडत नाही. ऑफर संपेल म्हणून घाई करत असाल, तर ऑफर गणपतीतही असते, दसऱ्यालाही असते आणि दिवाळीला तर असतेच.

कोणत्या शाखेला काय

कॉम्प्युटर, आयटी किंवा एआय घेतलेल्यांनी १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) याखाली उतरू नये. एकीकडे अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर (ॲप तपासायला स्क्रीनवर चालणारा नकली मोबाईल) आणि दुसरीकडे ब्राउझरच्या वीस टॅब उघडल्या की ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो. 'एआय शिकायचंय म्हणून ग्राफिक्स कार्ड (चित्रं आणि जड आकडेमोड सांभाळणारी वेगळी चिप) हवंच' हे मात्र आम्हाला पटत नाही. पहिली दोन वर्षं गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवून, फुकटात निघतात.

मेकॅनिकल आणि सिव्हिलला विंडोजच घ्या. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजची. मॅकबुक मशीन म्हणून उत्तम आहे, बॅटरी तर विचारूच नका, पण या मुलांना तो अडचणीत आणतो. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपबद्दलही हेच म्हणावं लागेल. दिसायला तो इतरांसारखाच असतो, पण आतली रचना एआरएमची, म्हणजे मोबाईलच्या चिपसारखी, असल्यामुळे काही इंजिनीअरिंग सॉफ्टवेअर आणि लॅबमधल्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. छोटं ग्राफिक्स कार्ड असेल तर तिसऱ्या वर्षी मोठ्या असेंब्ली (अनेक भाग जोडलेली डिझाइन) स्क्रीनवर फिरवताना उपयोगी पडतं. बजेट ताणून घेण्याइतकी मात्र त्याची गरज नाही. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरसाठी कोणाला पैसे देऊ नका. विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की ऑटोडेस्क तो शिक्षणासाठी मोफत देते. 'क्रॅक' (कुलूप तोडलेली चोरटी कॉपी) टाकून द्या असं आम्हाला सांगू नका, आम्ही टाकत नाही. व्हायरस बहुतेक वेळा तिथूनच शिरतो आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री फोन येतात.

आर्किटेक्चरवाल्यांना आमचा सल्ला जरा उलटा वाटेल. खरोखर दणकट मशीन यांनाच लागतं, चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि रंग नीट दाखवणारी स्क्रीन यांच्यासाठीच असते. पण पहिल्या वर्षी बराचसा वेळ ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि मॉडेलच्या फोमबोर्डात जातो. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ते वर्ष निघत असेल तर काढा आणि सगळं बजेट दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. त्याच पैशात तेव्हा नवं कार्ड मिळेल.

कॉमर्स, सीए, बीबीए यांचं काम एक्सेल आणि टॅलीवर. साधा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम पुरते, फक्त पुढे रॅम वाढवायची सोय बघून घ्या. यांनी १५.६ इंची घ्यावा, कारण आकड्यांचा वेगळा नंबर पॅड त्या आकारात मिळतो, १४ इंचीत सहसा नसतो. टॅली शिकण्यापुरती हवी असेल तर ती एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालते. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, पण सरावाला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि कला शाखेला वाचन आणि पीडीएफ जास्त. हलका आणि बॅटरी टिकणारा घ्या. काही जणांचं टॅब्लेटवरही भागतं.

प्रोसेसरचा आकडा कसा वाचायचा

'आय५ आहे ना?' हा प्रश्न आम्हाला दिवसभर ऐकू येतो. नुसत्या आय५वरून काहीच कळत नाही. आय५ ७२००यू हा सातव्या पिढीचा, त्यात कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन. आय३ १२१५यू हा बाराव्या पिढीचा, त्यात कोअर सहा. म्हणजे इथे आय३च आय५ला मागे टाकतो. आय५च्या पुढचा आकडा विचारा. ७२००मधला ७ ही पिढी, १२१५मधले १२ ही पिढी. शेवटच्या अक्षरालाही अर्थ आहे : यू म्हणजे वीज कमी खाणारा, एच म्हणजे ताकदीचा, पण जास्त तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. इंटेलच्या नव्या मॉडेलांवर तर 'आय' उरलेलाच नाही, नुसतं कोअर ५ किंवा कोअर अल्ट्रा ५ असतं. ते बघून बिचकू नका.

एएमडीच्या रायझनमध्ये वेगळी गंमत आहे. ७५२०यू आणि ७५३०यू या दोन्हींवर 'रायझन ५'चंच स्टिकर असतं. पहिल्यात चार कोअर आणि रचना २०१९च्या काळातली, दुसऱ्यात सहा कोअर आणि त्यापुढची रचना. या ७०००च्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तो जितका मोठा तितकी रचना नवी. शिवाय ७५२०यूसोबतची रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असते, ती पुढे वाढत नाही. दोघांच्या किमतीत फार फरक नसेल तर दुसराच घ्या.

सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा सगळ्यात स्वस्तातला प्रोसेसर, आम्ही कॉलेजच्या मुलांना विकत नाही. मागितलात तर आणून देऊ, पण आधी दोनदा विचारू.

रॅमबद्दल इतकंच विचारा : स्लॉट आहे का, आणि तो रिकामा आहे का? ८ जीबी बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा, अशी मॉडेलं मिळतात. १६ जीबी सगळी बोर्डावरच असेल तरी चालेल, मात्र ८ जीबी बोर्डावर आणि स्लॉटच नाही, असं मॉडेल चार वर्षांच्या डिग्रीसाठी घेऊ नका. आणि हो, ५१२ जीबीच्या डिस्कवर विंडोज ४७६ दाखवतं. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४च्या. तुमची कोणी फसवणूक केलेली नसते.

बिजागरी : हिच्याबद्दल कोणी विचारत नाही

विद्यार्थ्यांचे जे लॅपटॉप आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर येतात, त्यांत सगळ्यात जास्त हिंज गेलेले असतात. स्क्रीन ज्या धातूच्या बिजागरीवर फिरते ती स्क्रूने बसवलेली असते आणि ते स्क्रू प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या लहानशा पितळी नटांत जातात. बिजागरी हळूहळू आवळत जाते. मुलं एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने स्क्रीनचा एकच कोपरा वर ओढतात. सगळा जोर एका बाजूवर येतो आणि एक दिवस तो पितळी नट प्लॅस्टिकचा तुकडा घेऊनच सुटतो. आधी 'कट्ट' असा आवाज येतो, मग त्या कोपऱ्यात दोन पॅनेलमध्ये फट दिसायला लागते. फट दिसताच उघडझाप थांबवून आणलात तर बहुधा थोडक्यात निभावतं. तसाच रेटलात तर मागचं पॅनेल, कधी स्क्रीनची केबल आणि कधी स्क्रीनसुद्धा बदलावी लागते. साध्या वॉरंटीत हे सहसा बसत नाही, कारण कंपनी त्याला 'फिजिकल डॅमेज' म्हणते.

म्हणून दुकानात आलात की डेमोचा लॅपटॉप स्वतः उघडून बघा. स्क्रीन मधोमध धरून वर करा. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी फार कडक आहे. कीबोर्डच्या मध्यावर अंगठ्याने दाबा, खोलगट वाटला तर बॉडी लेची आहे. आमच्यासमोर केलंत तरी आम्हाला राग येत नाही.

मूल पुण्या-मुंबईला हॉस्टेलवर जाणार असेल तर एक वर्षाच्या साध्या वॉरंटीवर थांबू नका. तीन वर्षांपर्यंत वाढवता येते का आणि पडण्या-सांडण्याचं संरक्षण मिळतं का, हे विचारा. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस हॉस्टेलवर येतो, 'कॅरी-इन' म्हणजे मशीन घेऊन सर्व्हिस सेंटर गाठायचं. ज्या गावात शिकायला जाणार, त्या गावात त्या कंपनीचं सेंटर आहे ना, ते आपल्या गावातल्या सेंटरपेक्षा महत्त्वाचं. वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळे आमचं बिल दुसऱ्या शहरातही चालतं.

स्क्रीन फुल एचडी आणि आयपीएस (बाजूने बघितली तरी रंग न बिघडणारी) असावी, दुकानात ती तिरकी करून बघा. बॅटरीचे 'अमुक तास' वाचण्यापेक्षा तिचे वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते विचारा. ४०-४२वाली बॅटरी कॉलेजच्या दिवसभराला कमी पडते, ५०च्या पुढची बरी. गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांनी तो आणि त्याचं चार्जर एकदा सॅकमध्ये घालून जिना चढून बघावं.

पहिल्यांदा सुरू करताना

विंडोज चालू करून देताना आम्ही तुमचा ई-मेल मागतो. 'तुमचाच टाका हो' असं म्हणू नका. त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो. विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोजच्या वापरात ते कळत नाही. पण पुढे कधी बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं किंवा मदरबोर्ड बदलला, तर निळी स्क्रीन येऊ शकते आणि ती ४८ आकडी 'रिकव्हरी की' (कुलूप उघडायची किल्ली) मागते. ही किल्ली त्या खात्यात साठवलेली असते. खातं दुकानदाराच्या नावाचं किंवा पासवर्ड विसरलेलं असेल तर प्रोजेक्ट, फोटो, सगळं कायमचं गेलं. ते कुलूप आम्हालाही उघडता येत नाही, कंपनीलाही नाही. म्हणून खातं मुलाच्या स्वतःच्या ई-मेलवर हवं. कॉलेजने दिलेला मेल वापरू नका, डिग्री झाली की तो बहुधा बंद होतो. ही किल्ली कागदावर लिहून बिलासोबत ठेवा.

खोक्यावर 'ऑफिस' लिहिलेलं असलं तरी ते कायमचं आहे की वर्षभराचं सबस्क्रिप्शन, हे आधी विचारून घ्या. सोबत आलेलं ऑफिस ठरलेल्या मुदतीत चालू करावं लागतं आणि एकदा ज्या खात्यावर गेलं त्यावरच राहतं. कॉलेजकडून मोफत मिळत असेल तर वेगळं विकत घेऊ नका. विंडोज नसलेला, डॉस म्हणून मिळणारा लॅपटॉप स्वस्त पडतो खरा, पण पुढे विंडोजचे पैसे धरून हिशेब करा. लिनक्स वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी, त्यांनी खुशाल घ्यावा.

हॉस्टेलवर दिवसरात्र चार्जर लावून ठेवणार असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. अशी सोय आता बऱ्याच मॉडेलांत असते.

जुना घ्यायचा झाला तर

बजेट फारच कमी असेल तर नव्या सेलेरॉनपेक्षा कंपन्यांमधून निघालेला, चांगल्या बांध्याचा जुना बिझनेस लॅपटॉप परवडतो. त्याच्या बिजागऱ्या सहसा दणकट असतात. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या किंवा पुढच्या पिढीचाच घ्या. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याआधीच्या पिढ्यांवर विंडोज ११ रीतसर चालत नाही. पैसे देण्याआधी विंडोज रीसेट करून, वायफाय जोडून पहिल्यापासून चालू करून बघा. एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर तिथेच सोडून द्या, तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नावावर आहे. बॅटरीचा अहवाल काढायची कमांड विंडोजमध्येच असते. मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही त्यात दिसतात. लॅपटॉप आमच्याकडचा नसला तरी घेऊन या, काढून देऊ.

पैसे भरताना

'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा तुम्हालाच लागतो, शिवाय रोखीवर मिळाली असती ती सूट कधी कधी हुकते. दोन्ही हिशेब आम्ही कागदावर मांडून देतो. लॅपटॉपच्या किमतीत १८ टक्के जीएसटी आलेला असतो, त्यामुळे 'बिलाशिवाय कितीला?' असं विचारू नका. बिलावर सीरियल नंबर नसेल तर वॉरंटीच्या वेळी तुमचीच धावपळ होते.

शैक्षणिक कर्ज काढत असाल तर कोर्ससाठी लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च त्यात धरण्याची तरतूद बँकांच्या योजनेत असते. कर्जाचा अर्ज भरतानाच बँकेत विचारा. आधी लॅपटॉप घेऊन मग बिल लावायला गेलात तर अडचण येऊ शकते. विद्यार्थ्याच्या नावाचं कोटेशन आम्ही देतो, त्याचे पैसे घेत नाही.

येताना प्रवेशाचं पत्र, कॉलेजने दिलेली सॉफ्टवेअरची यादी असेल तर ती, आणि मुलाच्या ई-मेलचा पासवर्ड आठवणीने घेऊन या. ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तोही सोबत असू द्या. आणि लॅपटॉप जो वापरणार आहे त्यालाच घेऊन या. कीबोर्डवर चार ओळी टाइप करायला त्याचे हात हवेत. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी सकाळी आलात तर बसून बोलता येईल.