पाळीव प्राण्यांची खरेदी-विक्री आणि क्रूरताविरोधी कायदे (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या पट्ट्यात कुत्र्याचं पिल्लू, मांजर किंवा पक्षी विकत घेणाऱ्या माणसाला आणि त्या विकल्या जाणाऱ्या मुक्या जिवाला, दोघांनाही जे कायदे संरक्षण देतात त्यांची ही नोंद. सीमाभागात सगळ्यात आधी विचारलं जातं ते हेच की पिल्लू कोल्हापूर नाहीतर मिरजेहून आणलं, आपण राहतो कर्नाटकात, मग कायदा कुठला लागणार? तर ह्यातले मूळ कायदे केंद्राचे आहेत, सीमेवरच्या कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडे जे चालत नाही ते पलीकडेही चालत नाही, आणि "आमच्याकडं हे रूल नाहीत" असं कुणी विक्रेता सांगत असेल तर तो खोटं सांगतोय.

पाया म्हणजे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्याखाली 2017 साली कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे आणि विक्रीचे नियम आले, 2018 साली पेट शॉपचे. दोन्हीत राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, म्हणजे आपल्याकडं कर्नाटकच्या मंडळाकडं, आणि दुकानाची नोंदणी पाच वर्षांसाठी असते. दुकान पक्क्या बांधकामात पाहिजे, रस्त्याकडेला तात्पुरतं शेड मारून पिंजरे मांडणं ह्या नियमांत बसत नाही. ब्रीडरनं मादीला दीड वर्षाची व्हायच्या आधी लावायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं घ्यायची नाहीत, आणि तिच्या आख्ख्या आयुष्यात पाच वेतांच्या वर नाही. विकत घेणाऱ्याला ही माहिती आपल्या कामाची वाटत नाही, पण दर सहा महिन्यांनी व्यायलेल्या, हाडं निघालेल्या मादीची पिल्लं अशक्तच निघतात, त्यामुळं पिल्लू बघायला गेलात की आई दाखवा म्हणून हट्टच धरावा, आणि दाखवायला टाळाटाळ झाली की तिथनं सरळ उठून यावं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही हा नियम तर सगळ्यात जास्त मोडला जातो. महिन्याभराचं पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं, लगेच खपतं, विक्रेत्याचा खाण्याचा आणि लशीचा खर्च वाचतो. आईच्या दुधातनं मिळालेली ताकद त्या वयात ओसरायला लागलेली असते आणि पार्व्होची, म्हणजे पिल्लांना जीवघेणे जुलाब लावणाऱ्या विषाणूची, लस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, म्हणजे नेमक्या उघड्या काळात पिल्लू आईपासून तोडलं जातं आणि वर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं खोक्यात घालून पाठवलं जातं. अशी वाहतूक हीसुद्धा त्याच 1960 च्या कायद्यात क्रूरता आहे. पार्व्हो अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस, कधी जास्तही लागतात, त्यामुळं घरी आणताना उड्या मारणारं पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब करतं आणि विक्रेता म्हणतो तुम्ही काहीतरी खायला घातलंय. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरकडची टेस्ट, तारखेसकट केसपेपर आणि पिल्लू गेलंच तर पोस्टमॉर्टेम, हे करून ठेवलेलं असेल तर पुढं बोलता येतं.

पुढं म्हणजे ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, लागू झाला जुलै 2020 मध्ये. त्यात कुठलीही जंगम मालमत्ता 'माल' धरली जाते, पिल्लूही त्यातच आलं. जिवाला माल म्हणणं मनाला लागतं, पण ह्याच शब्दामुळं ग्राहकाला दाद मागता येते. बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हेही तसंच, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. सीमाभागासाठी सगळ्यात मोलाची तरतूद म्हणजे तक्रार आता ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, विक्रेता पुण्याचा असू दे नाहीतर मिरजेचा, बेळगावच्या माणसाला तिकडं खेटे घालायला नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. कामकाज कन्नड-इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी चॅट आणि मराठीत लिहिलेली पावती ह्यांचं भाषांतर सोबत लावलेलं बरं. पिल्लं काढून विकण्यासाठीच जोडी घेतली असेल तर मात्र तुम्ही ग्राहक ठरणं अवघड. विक्रेत्यानं ॲडव्हान्स घेऊन तुमचा नंबर ब्लॉक केला तर तो सायबर फसवणुकीचा मामला, 1930 ह्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा.

केसीआयचा कागद, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट, वंशावळ सांगतो. तब्येतीची हमी तो देत नाही आणि मंडळाच्या नोंदणीची जागाही घेत नाही.

इथल्या लोकांना विदेशी जातींचं वेड आहे पण शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, घोरपडे संस्थानिकांनी जपलेली शिकारी कुत्र्यांची जात तिथली, मराठीत कारवानी म्हणतात, 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्रही आहे. आपल्या हवेत टिकणारं कुत्रं हवं असेल तर आधी तिकडं चौकशी करावी असं मनापासून वाटतं.

क्रूरतेच्या शिक्षेबद्दल बोलायचं तर चीड येते. 1960 च्या कायद्यात मारहाण, उपाशी ठेवणं, आखूड साखळीला कायम बांधून ठेवणं, पाळलेलं जनावर सोडून देणं हे सगळं गुन्हा आहे आणि पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणून पोलीस ठाण्यात टोलवाटोलवी होते. पण जनावराला ठार मारलं, विष घातलं किंवा लुळं केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, तक्रारीत ते कलम स्वतःहून लिहून द्यावं. 2001 च्या नियमांप्रमाणं प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटी असायला हवी, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात तिच्या नावानं अर्ज देता येतो. जखमी जनावराच्या उपचारासाठी 1962 ह्या नंबरवर फोन करावा.



पक्ष्यांच्या बाबतीत बाजारात फार गैरसमज आहे. लव्हबर्ड, बजरीगर हे परदेशी पक्षी विकता येतात, पण आपला हिरवा राघू, मुनिया आणि पाठीवर चांदण्या असलेलं कासव हे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, विकणं गुन्हा आणि घरी ठेवणंही गुन्हा. घरात आधीपासून राघू असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नये, पिंजऱ्यात वाढलेल्याला दाणा शोधता येत नाही आणि पंखातही जोर नसतो, वनखात्याकडं नेऊन द्यावा.